दवाखाना आधी ठरव, बाळ पोटात असतानाच

मावशी, नमस्कार.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. गेल्या पावसाळ्यात मला २६व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. घरातली सगळी बाळंतपणं ज्या नर्सिंग होममध्ये झाली, तिथंच गेलो. मुलगा झाला, ७८० ग्रॅमचा. रडला होता, मी ऐकलं. तिथं अशा बाळाची सोय नव्हती म्हणून दोन तासांनी साध्या ॲम्ब्युलन्समधून बेळगावला हलवलं. पहिल्या दवाखान्यात जागा नव्हती, दुसऱ्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. माझी मामेबहीण निपाणीला दिलेली. तिची मुलगी २७व्या आठवड्यात, ९६० ग्रॅमची, मोठ्या दवाखान्यात झाली. आता तीन वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. तिला बघितलं की माझ्या पोटात कालवतं. आमचा दवाखाना चुकला म्हणून माझं बाळ गेलं का? खरं सांगा.

आता पुन्हा दिवस गेलेत, १५वा आठवडा चालू आहे. सासूबाई म्हणतात मागच्याच ठिकाणी जाऊ, डॉक्टर घरच्यासारखे आहेत. भाऊ पुण्याला ये म्हणतो. बहीण कोल्हापूर सांगते. ह्यांच्या मनात बेळगाव आहे, वडगावला ह्यांची आत्या राहते. धाकटे दीर म्हणाले, एवढ्याशा बाळावर पैसा घालून उपयोग काय, पुढं ती धड राहत नाहीत. आमचं बीपीएल कार्ड आहे, शेती दीड एकर.

शेवटचं एक. माझ्या आईनं विणलेलं टोपडं त्याला एकदाच घातलं होतं. ते मी ठेवलंय. या बाळाला घातलं तर चालेल का?

— एक वाचक, तालुका खानापूर

पोरी,

'खरं सांगा' असं तू लिहिलंस, म्हणून आडवळण घेत नाही. इतक्या कमी दिवसांच्या बाळाच्या बाबतीत दवाखान्यानं फरक पडतो, आणि थोडाथोडका नाही. नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी गेली. सारख्याच वजनाची, सारख्याच आठवड्यांची दोन बाळं, एक घरी गेलं आणि एक नाही, असं मी बघितलंय. त्यामुळं 'देवाची मर्जी' म्हणून तुझी समजूत काढणं मला जमणार नाही.

पण तुझ्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, तो तू लिहिला नाहीस: चूक माझी का? नाही. रात्री-अपरात्री कळा आल्या की माणूस ओळखीच्या दारात जातो. त्या दाराच्या आत कशाची सोय नाही, हे तुला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लवकर कळा आल्या तर कुठं जायचं, ही एक ओळ तुझ्या तायी कार्डावर, गरोदरपणाच्या त्या सरकारी नोंदकार्डावर, कुणीतरी लिहायला हवी होती. ते काम डॉक्टरांचं होतं, आम्हा सिस्टरांचं होतं. तू आई होतीस, तुझं काम तू केलंस. आणि दुसऱ्या दवाखान्यात गेली असतीस तर तो नक्की जगला असता, असंही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. २६ आठवड्यांची बाळं चांगल्यात चांगल्या ठिकाणीही हातातून जातात.

बहिणीच्या मुलीशी त्याची तुलना करतेस ना, ती जरा बाजूला ठेव. तिला पोटात एक आठवडा जास्त मिळाला. वजन १८० ग्रॅमनं जास्त. ती मुलगी, कमी दिवसांच्या बाळांत मुली मुलांपेक्षा चिवट निघतात, हे जगभर दिसलंय. तिच्या आईला बाळंतपणाआधी फुप्फुसाची इंजेक्शनं मिळाली असतील तर तोही मोठा आधार. त्या दिवसांत एक-एक आठवडा किती मोलाचा असतो, त्यासाठी अमेरिकेतले आकडे सांगते. तिथं २४ हॉस्पिटलांत २००६ ते २०११ या काळात २७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ४,९८७ बाळांचा हिशेब मांडला होता. २२व्या आठवड्यात जन्मलेल्या शंभरातली पाच जगली. २६व्या आठवड्यातली एक्याऐंशी. मध्ये फक्त चार आठवडे.

त्याच हिशेबात तुझ्या प्रश्नाशी थेट जुळणारी गोष्ट निघाली. ही सगळी हॉस्पिटलं मोठी, संशोधन करणारी, यंत्रांची कुठं वाण नाही. तरी २२-२३ आठवड्यांच्या बाळांचं जगणं एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी भलतंच. शोधल्यावर कळलं, या फरकातला ७८ टक्के वाटा एकाच गोष्टीचा होता: जन्मल्यावर त्या बाळावर पूर्ण उपचार सुरू करायची त्या हॉस्पिटलची रीत आहे की नाही. काही ठिकाणी २२ आठवड्यांच्या प्रत्येक बाळावर उपचार सुरू व्हायचे, काही ठिकाणी क्वचितच एखाद्यावर. म्हणजे बाळाचा निम्मा निकाल जन्माआधीच, त्या दारावरच्या न दिसणाऱ्या रेघेनं लागलेला. २५-२६ आठवड्यांना मात्र तिथं सगळीकडं उपचार होत होते, त्यामुळं त्या बाळांतला फरक दुसऱ्या कारणांचा होता. त्या कारणांकडं मी येते.

आपल्या भागात ही रेघ आणखी वर असते. कुठं २८ आठवडे, कुठं एक किलो. 'याच्या खालचं बाळ आम्ही घेत नाही' हे बहुतेकदा तोंडावर सांगत नाहीत. 'जागा नाही' म्हणतात, किंवा घेतात आणि कोपऱ्यात ठेवतात. म्हणून तुझा पहिला प्रश्न हाच असू दे: किती आठवड्यांपासून, किती वजनापासून तुम्ही बाळावर पूर्ण उपचार करता? जो दवाखाना याचं उत्तर न अडखळता देतो, त्यानं यावर आधी विचार केलेला असतो.

आता हलवाहलवीबद्दल. गेल्या वेळी बाळ जन्मल्यावर हलवलंत. या वेळी तुला आधी हलवायचं. दीड किलोच्या आतलं बाळ अद्ययावत नवजात विभाग असलेल्या दवाखान्यात जन्मलं की नाही, यावरच्या बऱ्याच अभ्यासांची २०१० साली एकत्र बेरीज केली गेली. तशा दवाखान्यात जन्मलेल्या शंभरातली २३ बाळं दगावली, बाहेर जन्मलेल्या शंभरातली ३८. पोटासारखी ॲम्ब्युलन्स अजून कुणी बनवली नाही. तुझ्या मुलाची कातडी कागदासारखी पातळ असणार. साध्या गाडीत, पावसाच्या हवेत, त्या रस्त्याला त्याच्या अंगातली ऊब किती राहिली असेल? अशा बाळाचं अंग ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला लागतं. जन्मल्याबरोबर न पुसता त्याला मानेपर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, डोक्याला टोपी घालतात. काही रुपयांची वस्तू, पण ती जन्माच्या त्या मिनिटाला तिथं हाताशी असावी लागते.

इंजेक्शनांची गोष्ट तर आपल्या बेळगावशीच जोडलेली आहे. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. आपल्या सरकारच्या सूचनेप्रमाणं डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. ही इंजेक्शनं गावपातळीवर सर्रास पोचवली तर बाळं वाचतील का, याचा सहा देशांत मोठा अभ्यास झाला. त्यात आपल्या देशातली दोन ठिकाणं होती, बेळगाव आणि नागपूर. निकाल २०१५ साली आला आणि सगळे चक्रावले. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण बाळांत ते थोडे वाढलेच. मग जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या २९ दवाखान्यांत पुन्हा अभ्यास केला. आपलं नेहरूनगरचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज त्यातही होतं. या वेळी स्कॅनिंग करून आठवडे नीट मोजले, आणि बाळ सांभाळायची सोय असलेलेच दवाखाने घेतले. २०२० साली निकाल आला: इंजेक्शन मिळालेल्या आयांच्या बाळांत मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्यांत २३.५ टक्के. औषध तेच. फरक पडला तो आठवडे बरोबर ठाऊक असण्यानं आणि पुढं बाळाला झेलणारे हात असण्यानं. म्हणून तुझं पहिल्या तिमाहीतलं स्कॅनिंग झालं असेल तर तो कागद देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपून ठेव. पुढं 'नक्की किती आठवडे?' या प्रश्नावर फार काही ठरणार आहे, आणि त्याचं सगळ्यात खरं उत्तर त्याच कागदावर असतं.

चार डोस पुरे व्हायला दीड दिवस लागतो. म्हणजे कळा जोरात यायच्या आधी तू तिथं पोचायला हवीस.

आता यंत्रांपलीकडची गोष्ट. इथं मी थोडी लांबण लावणार आहे, कारण लोक दवाखाना बघायला जातात आणि व्हेंटिलेटर किती आहेत ते मोजून येतात.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतलं सांगते. दवाखान्याचं नाव घेत नाही. रात्रपाळीला आम्ही दोघी आणि बाळं उबेत ठेवायच्या पेट्या चौदा. एका आठवड्यात तीन लहान बाळं गेली. तिघंही चांगली दूध पचवत होती. संध्याकाळी रंग जरा उतरायचा, रात्री श्वास थांबायचा, सकाळी पेटी रिकामी. आमच्या मोठ्या सिस्टर गप्प बसल्या नाहीत. त्या दोन दिवस नुसत्या एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसल्या आणि आमचे हात बघत राहिल्या. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी रोज बदललं जात नव्हतं, वरून भर घातली जायची. हात पुसायला एकच टॉवेल, सगळ्यांचा. एक स्टेथोस्कोप चौदा छात्यांवर. त्यांनी टॉवेल काढून टाकला, बाटल्या रोज उकळायला लावल्या, प्रत्येक पेटीला तिचा स्टेथोस्कोप बांधला, आणि हात न धुता आत आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही दारातून परत पाठवलं. नवं यंत्र एकही आलं नव्हतं. मी तिथं होते तोवर तसा आठवडा पुन्हा आला नाही. त्या तीन आयांना मात्र आम्ही 'बाळ अशक्त होतं' एवढंच सांगितलं होतं. ते मला अजून खुपतं, म्हणूनच तुला एवढं सविस्तर लिहितेय.

तेव्हा वॉर्ड बघायला जाशील तेव्हा आधी दारातला नळ बघ. साबण आहे का, पाणी येतं का, आत जाणारा प्रत्येक माणूस तिथं थांबतो का. पाच मिनिटं उभी राहिलीस तरी कळेल. मग विचार, रात्री किती बाळांमागं एक सिस्टर असते. दिवसाचं नको, रात्रीचंच विचार. ब्रिटनमध्ये अतिदक्षतेतल्या एका बाळामागं एक सिस्टर असावी असा दंडक आहे. आपल्याकडं दोन-तीन बाळांमागं एक सिस्टर सांगितली तर मी चांगलं म्हणेन. आठ-दहा म्हणाले तर तिथून उठ, भिंती कितीही चकचकीत असू देत. रात्री दोन वाजता बाळ श्वास घ्यायचं विसरलं तर बाळांचे डॉक्टर आवारात असतात की फोनवर, हेही विचार.

श्वासासाठी सीपॅप आहे का विचार. नाकावाटे हलक्या दाबानं हवा देऊन फुप्फुसं उघडी ठेवायचं ते साधन. प्रत्येक बाळाला घशात नळी घालावी लागत नाही, आणि जिथं सीपॅप नीट वापरतात तिथं फुप्फुसांची हानी कमी होते. सोबत फुप्फुसं मिटू न देणारं सरफॅक्टंट औषध आणि श्वासाची आठवण करून देणारं कॅफिन लागतं. नावं लक्षात राहिली नाहीत तर कागदावर लिहून ने, त्यात लाजायचं काही नाही.

आणि दूध. 'आईचं दूध कधीपासून सुरू करता, ते कमी पडलं तर काय देता?' हा प्रश्न विचारलास की त्या वॉर्डाची अर्धी ओळख पटते. वरच्या दुधानं या बाळांची आतडी सडायचा धोका वाढतो. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली, ती याच कळवळ्यातून. आईला आत येऊ देतात का, बाळ छातीशी धरू देतात का, हेही बघ. कोलंबियातल्या बोगोटात पेट्या पुरत नव्हत्या म्हणून १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. लोकांना तेव्हा तो गरिबांचा उपाय वाटला. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासानं दाखवलं की १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं धरलं तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर येतात. जो वॉर्ड आईला 'इन्फेक्शन होईल' म्हणून महिनाभर काचेबाहेर उभी करतो, त्याच्यावर माझा भरवसा नाही. आईच्या धुतलेल्या हातांनी फार थोडी बाळं आजारी पडतात.

तू आकडे विचारशील, आणि विचारच: गेल्या वर्षी २८ आठवड्यांच्या आतली किती बाळं आली, किती घरी गेली? ब्रिटनमध्ये प्रत्येक नवजात विभागाची कामगिरी लोकांसमोर ठेवतात. आपल्याकडं ती ठेवत नाहीत, त्यामुळं तोंडानं विचारावं लागतं. पण उत्तर ऐकताना सावध राहा. 'आमच्याकडं एकही बाळ दगावत नाही' असं कुणी म्हणालं तर विचार, अशी किती बाळं जन्मली आणि किती पुढं पाठवली. अवघड बाळ दुसरीकडं पाठवणाऱ्याची वही नेहमी कोरीच राहते, आणि ज्याच्या दारात सगळ्या तालुक्यातली अखेरच्या घटकेची बाळं येतात त्याची वही काळी दिसते. वर्षाला तीनच बाळं आली आणि तिन्ही वाचली, तर ती पुण्याई असेल, पण हातखंडा म्हणता येणार नाही. ज्यांच्या हाताखाली अशी बाळं सतत येतात त्यांचेच हात बसतात.

म्हणून तुझ्या सासूबाईंचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. ते डॉक्टर भरल्या दिवसांच्या बाळंतपणाला चांगलेच असतील. त्यांना आपलं शत्रू करू नकोस. नवऱ्याला आणि सासूबाईंना बरोबर घेऊन त्यांच्याकडंच जा आणि सरळ म्हण, 'डॉक्टर, लवकर कळा आल्या तर तुम्ही मला बाळासकट कुठं पाठवाल? ती चिठ्ठी आत्ताच लिहून द्या.' खरा डॉक्टर रागावणार नाही. सासूबाईंनी त्यांच्याच तोंडून ऐकलं की घरातला वाद निम्मा मिटेल.

पुणे, कोल्हापूर, बेळगाव यांत मी तुला बेळगावच सांगेन, आणि कारण अगदी साधं आहे. तुझ्या गावाहून बेळगावच सगळ्यात जवळ. कोल्हापूर तिथून पुढं शंभर किलोमीटरच्या वर, पुणे त्याच्या कितीतरी पलीकडं. गाडीत बाळंत होऊन नामांकित दवाखान्यात पोचण्यापेक्षा जवळच्या चांगल्या ठिकाणी पोटासकट पोचणं कधीही बरं. शिवाय २६ आठवड्यांचं बाळ साधारण मूळ तारखेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने वॉर्डात राहतं. तेवढे दिवस रोज दूध काढून पोचवायचं, छातीशी धरायचं, तर तुला शेजारीच राहावं लागणार. वडगावची आत्या हे तुझं मोठं भाग्य आहे बघ. निपाणीच्या बहिणीला कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर पडतं, तिच्यासाठी ते बरोबर होतं. बेळगावात सिव्हिल आणि मोठ्या खासगीपैकी दोन वॉर्ड तुम्ही दोघं जाऊन बघा, वर लिहिलेलं विचारा, आणि एक ठरवून तिथं आत्ताच नाव घाला.

आता पावसाचं गणित मांड. आज १५वा आठवडा, म्हणजे २३वा श्रावणात आणि २८वा गणपतीच्या सुमाराला. जांबोटीचा रस्ता आणि मोबाईलची रेंज, दोन्हींचा त्या दिवसांत काही भरवसा नसतो, हे मी तुला काय सांगू! २२वा संपला की आत्याकडं राहायला जा. पंचमीचा सण तिकडंच कर. घरच्यांना वाटेल पोर अति करतेय. वाटू दे.

त्याआधी, याच आठवड्यात, डॉक्टरांकडून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी आतून स्कॅनिंग करून मोजून घे. एकदा लवकर बाळंत झालेल्या बाईला टाका घालायचा की प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या द्यायच्या, हे ठरवायची वेळ हीच असते. पुढं कंबर थांबून-थांबून दुखली, खाली दाब आला, पाणी किंवा रक्त गेलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

पैशाचं सांगते. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तुझं बाळंतपण आणि आजारी बाळाचे एक वर्षापर्यंतचे उपचार, औषधं, तपासण्या, नेआण, सगळं मोफत आहे. बीपीएल कार्डावर आरोग्य कर्नाटक योजनेत घराला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, खासगीत जायचं तर सहसा सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी ऐन वेळी धावत आणायची वस्तू नव्हे, आधी चौकशी करून ठेवा. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं. कधी कोल्हापूरला जायची पाळी आलीच तर तिथल्या आरोग्यमित्राशी आधी बोलून कुठले दाखले लागतात ते विचारून घ्या. खासगीत रोजचा दर विचारताना 'औषधं धरून का?' हे विसरू नका. कर्ज काढायचं झालं तर किती दिवसांचं, ते तरी कळेल.

दिरांना माझा निरोप सांग. त्याच अमेरिकी हिशेबात २६ आठवड्यांच्या शंभर बाळांतली ८१ जगली, आणि दीड-पावणेदोन वर्षांची झाल्यावर तपासलं तेव्हा जवळजवळ ७६ जणांना कुठलंही मोठं अपंगत्व नव्हतं. आपल्याकडं तेवढी वाचत नाहीत, पण 'ती धड राहत नाहीत' हे खोटं आहे. काहींना चालायला उशीर होतो, काहींना चष्मा लागतो, काहींना खरोखर मोठी अडचण येते, आणि तीही लपवण्यासारखी नाही. बरीच अडचण वेळेत तपासलं तर टळते. डोळ्यांचा पडदा बघायची तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. २८ आठवड्यांच्या किंवा १,२०० ग्रॅमच्या आतल्या बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. ती चुकली तर चांगलं वाचलेलं बाळ आंधळं होऊ शकतं. आपल्या कर्नाटकात किड्रॉप नावाचं काम २००८ पासून चालू आहे, त्यात डोळ्यांचे फोटो काढून दूरच्या तज्ज्ञांना दाखवतात. तुझ्या दवाखान्यात ही तपासणी कोण करतं आणि कुठल्या वारी, ते विचार. कानांचंही विचार.

आणि समज, सगळं करूनही बाळ २२-२३ आठवड्यांतच आलं, डॉक्टरांनी आशा फार थोडी आहे असं सांगितलं, आणि तुम्ही दोघांनी त्याला नळ्या न लावता मांडीवर घ्यायचं ठरवलंत, तर त्यातही पाप नाही. फक्त ते तुमच्याशी बोलून ठरलेलं असावं. कुणी परस्पर ठरवू नये, दिरांनी तर नाहीच.

तुझ्या मुलाबद्दल एक विचारू? त्याला काय म्हणायचीस, ते तू लिहिलं नाहीस. नव्या डॉक्टरांना सांगताना 'मागचं ॲबॉर्शन झालं' असं कुणी म्हणालं तर तिथंच दुरुस्त कर. तो जन्मला होता, रडला होता, दोन दिवस जगला होता. तसंच लिहून घ्यायला लाव. त्यावर तुझ्या पुढच्या उपचारांचं ठरतं, आणि ते खरंही आहे.

टोपडं जरूर घाल. त्यात अपशकुन कसला, आजीच्या हातचं आहे. गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून आत्याकडं नेशील त्या सामानात ठेव. कमी दिवसांच्या बाळाच्या अंगातली बरीच ऊब डोक्यातून जाते, वॉर्डात सिस्टर टोपी मागतातच. आईला सांग, तसंच आणखी एक विण, आणि एक भरल्या दिवसांच्या मापाचंही. लहान बाळाचं टोपडं रोज धुवावं लागतं, आणि गणपतीत ऊन पडेलच असं नाही.

— मावशी